आधी कागद, मग मजकूर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आमचे गुरुजन, आणि चाळिशी ओलांडली तरी सवयीने मागचाच बाक धरून बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘एआय आणि आपण’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आणि वेळ वीस मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं माईकने खाल्ली. म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेते. तुमच्यापैकी बरेच जण हल्ली अर्ज, भाषणं, श्रद्धांजल्या, सोसायटीच्या नोटिसा, झालंच तर सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचं मानपत्रसुद्धा एआयकडून लिहून घेता. खुशाल घ्या. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करते, मी कशी नको म्हणेन? माझं म्हणणं एवढंच, की त्याला लिहायला सांगण्याआधी आपले कागद त्याच्यापुढे ठेवा. का, ते सांगते.

गेल्या महिन्यात मी एक साधा प्रयोग केला. एका एआयला एकही कागद न देता सांगितलं, ‘जेऊर गावाविषयी स्मरणिकेसाठी दोन परिच्छेद लिही.’ पहिलं वाक्य झकास आलं: नागराज मंजुळे यांचं गाव. ते बरोबर येणारच, कारण ‘फँड्री’ आणि ‘सैराट’वर जगभर इतकं लिहून आलंय. दुसऱ्या वाक्यात आपलं गाव अक्कलकोट तालुक्यात गेलं. तिसऱ्यात गावात बायजाबाईचं देवस्थान उभं राहिलं. चौथ्यात ‘गावातील शांत, निसर्गरम्य वातावरण पर्यटकांना भुरळ घालते’ असं आलं. मे महिन्यात दुपारी बारा वाजता आपल्या स्टेशनच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाने हे वाक्य जरूर वाचावं.

हे झालं कसं? आपण करमाळ्याचं जेऊर. एक जेऊर अक्कलकोट तालुक्यात आहे, आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. एक नगरजवळचं जेऊर बायजाबाई, एक नेवाशाकडचं जेऊर हैबती. चुकून आपल्या स्टेशनवर उतरलेला पाहुणा निदान रिक्षावाल्याला विचारतो, ‘हे कुठलं जेऊर?’ हे यंत्र विचारत नाही. त्याने जे अफाट वाचलंय त्यातून ‘या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येतो’ एवढं ते शिकलेलं असतं. ज्या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय तिथे हा अंदाज बरोबर ठरतो. आपल्या गावावर लिहिलेलं किती असणार? मग चार जेऊरांचं एक जेऊर होतं. आणि भाषा इतकी सफाईदार असते, की बाहेरच्या माणसाला कुठे सांधा लागलाय ते दिसतही नाही.

आता हाच मजकूर दुसऱ्या पद्धतीने मागवता येतो. आपल्याजवळचे कागद आधी चढवायचे आणि सांगायचं, ‘यातूनच लिही.’ गूगलने २०२३ मध्ये नोटबुकएलएम नावाचं साधन आणलं, ते मुळात याच कामासाठी. इतर एआयमध्येही फाइल जोडायची सोय असते. आतमध्ये साधारण असं घडतं: कागद मोठे असतील तर त्यांचे लहान तुकडे पाडले जातात, तुमच्या प्रश्नाशी जवळचे तुकडे शोधले जातात, आणि ते समोर ठेवून उत्तर लिहिलं जातं. आमच्या धंद्यात याला ‘रॅग’ म्हणतात. हे नाव २०२० मधल्या एका शोधनिबंधातून रूढ झालं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधल्या रॅगिंगशी त्याचा संबंध नाही. चांगल्या साधनात प्रत्येक वाक्यापुढे आकडा येतो, आणि त्यावर बोट ठेवलं की मूळ कागदातली ती ओळ उघडते. मला विचाराल तर सगळी गंमत त्या आकड्यात आहे. वाक्य खरं आहे की नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे बघता येतं.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे इतिहास म्हणजे बखरी, असं बरीच वर्षं चाललं. बखर वाचायला गोड असते. कोण काय बोललं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळं तिच्यात असतं. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं सोडवली, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रं होती. त्या पत्रांच्या उजेडात बखरी किती घसरल्यात हे त्यांनी प्रस्तावनेत दाखवलं. पुढे असे २२ खंड झाले. आपल्या भाषेत ‘साधन’ म्हणजे काम करायचं अवजारही आणि इतिहासाचा पुरावाही, हे मला फार आवडतं. कागद न देता एआयकडून जे येतं ती बखर आहे. कधी कधी चांगली बखर असते, पण बखरच.

गावाच्या माहितीत तालुका चुकला तर आपण हसून सोडून देऊ. आता जिथे हसता येत नाही तिथलं सांगते.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण इथे बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे. ‘नाव घेऊ नको’ म्हणाली. तुम्ही ओळखलंत तरी माना वळवू नका. तिच्या आजोबांची जमीन भीमेच्या काठी होती, उजनीत गेली. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या अलीकडे-पलीकडे. आजही उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं की काठच्या जुन्या गावांच्या खुणा वर येतात, आणि म्हातारी माणसं तिथे जाऊन आपलं घर कुठे होतं ते दाखवतात. मैत्रिणीच्या मुलाला आता स्पर्धा परीक्षांसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा आहे. तो असेल तर सरकारी नोकरीत समांतर आरक्षणातून अर्ज करता येतो. म्हणजे पणजोबांची बुडालेली जमीन पणतवाच्या उपयोगी पडण्याची हीच काय ती एक वाट. तिचा अर्ज एका कार्यालयातून दोनदा परत आला होता. कारण लिहिलं होतं, ‘कागदपत्रे अपूर्ण.’ कोणते कागद अपूर्ण, ते नव्हतं लिहिलं.

तिच्या पुतण्याने एआयकडून नवा अर्ज लिहून घेतला. मी तो वाचला. तीन पानी, भाषा अशी की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. पण त्यात भूसंपादन झालं ते २०१३ च्या कायद्याने! कारण उघड आहे. इंटरनेटवर भूसंपादन म्हटलं की २०१३ च्या कायद्यावरचं लिखाण ढिगाने सापडतं. तिची जमीन गेली तेव्हा १८९४ चा कायदा चालू होता. पुनर्वसनाचे महाराष्ट्राचे कायदे तर आणखी वेगळे: १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. तिन्हींतली भाषा सारखी दिसते. त्यामुळे एकाचं कलम आणि दुसऱ्याचं वर्ष अशी खिचडी होते, आणि ती कारकुनाच्या टेबलावर पोचते. अर्जात एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीखही होती. तो शासन निर्णय आम्हाला कुठेच मिळाला नाही.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे कुठे झालेलेच नव्हते. एआयने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाने बजावलं.

तर आम्ही तिच्या माहेरची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात काय निघावं? कलम १२(२) ची नोटीस, म्हणजे निवाडा जाहीर झाल्याची. निवाड्याच्या उताऱ्याची नक्कल, कडा वाळवीने खाल्लेल्या. दोन जुने सातबारे. एक फेरफार. मोबदल्याची पावती. आणि तिच्या वडिलांनी वहीच्या पानावर स्वतः लिहिलेली भावंडांची यादी. सगळ्यांचे नीट उजेडात फोटो काढले, प्रत्येकाला क्रमांक दिला, आणि ते एआयला देऊन सांगितलं: फक्त या कागदांतून लिही; प्रत्येक वाक्यापुढे कागदाचा क्रमांक टाक; जे कागदांत नाही तिथे ‘कागदांत नाही’ असं स्पष्ट लिही. हे शेवटचं वाक्य विसरू नका. ते सांगितलं नाही तर कागद दिल्यावरही ते मोकळ्या जागा आपल्या मनाने भरून टाकतं.

अर्ज एका पानाचा झाला, रुक्ष आणि सरळ. त्यात एका ठिकाणी आलं, ‘निवाड्यातील खातेदार व अर्जदाराचे वडील यांचे नाते दर्शवणारी वारस नोंद: कागदांत नाही.’ अर्ज दोनदा परत का आला असेल, ते त्या एका ओळीत आम्हाला दिसलं. निवाड्यात आजोबांचं नाव हाकेच्या रूपात होतं, वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पाळण्यातलं. दोघं बाप-लेक, हे सांगणारा कागद ट्रंकेत नव्हताच. तीन पानी अर्जाने ही फट सुंदर वाक्यांनी लिंपून टाकली होती. मग तिने तालुक्याच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज केला, तीन खेपा घातल्या, आणि वारस नोंदीचा फेरफार मिळवला. अर्ज पुन्हा दिला आहे. निकाल अजून नाही.

आता कागद दिले म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून त्याच कामातल्या दोन गोष्टी सांगते. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात. फोटोवरून वाचताना यंत्राने एका सर्व्हे नंबरातल्या एकाचा नऊ केला. कागदाचा क्रमांक पुढे होता म्हणून आम्ही मूळ काढून भिंग लावून पाहिलं. दुसरी गोष्ट जास्त घातक. जुन्या कागदात क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं. ३ एकर १९ गुंठे लिहायचे तर लोक मधे टिंब देऊन ३.१९ असं लिहीत. यंत्राने ते दशांश समजून ‘३.१९ एकर’ केलं. आपल्याला गणित शिकवणारे सर समोर बसलेत, मी त्यांच्यासमोर हिशेब करते: एकराचे गुंठे ४०, तर ३.१९ एकर म्हणजे ३ एकर आणि साडेसात गुंठ्यांच्या थोडं वर. एका टिंबात अकरा गुंठे गेले! हल्लीच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात आणि हेक्टरचे आर १००, त्यामुळे तिथे हे टिंब चालून जातं. म्हणून मी सांगते, आकडे आणि मापं कागदावर आहेत तशीच उतरवून घ्यायची, रूपांतर त्याच्यावर सोपवायचं नाही. सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचंही तेच. एकत्रीकरणानंतर नंबर बदलले, आणि यंत्राला दोन्ही नुसते नंबरच वाटतात.

आपल्या भाषेच्या कागदांची आणखी एक अडचण आहे. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या फाइली आहेत, त्या बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कळांची अक्षरं साठवलेली असतात. एआयला दिलं की त्याला नुसता कचरा दिसतो, आणि काही यंत्रं ‘मला वाचता येत नाही’ म्हणायचा कमीपणा घेत नाहीत. बिनधास्त सारांश देतात. ती फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मोडी कागद असेल तर सरळ मोडी वाचणाऱ्या माणसाकडे जा.

आणि कागद म्हणजे सत्य, असंही मी म्हणणार नाही. निवाड्यात जमिनीचं क्षेत्र आहे, प्रत आहे, मोबदला आहे. बांधावरच्या आंब्याखाली कोण बसायचं, ते नाही. सरकारी कागदच दिले तर मजकूर सरकारीच होणार. म्हणून मी मैत्रिणीला सांगितलं, आईला बोलतं कर, मोबाइलवर रेकॉर्ड कर, उतरवून काढ, आणि त्यावर ‘आईने सांगितलेले, अमुक तारखेला’ असं लिहून तोही एक कागद म्हणून ठेव. अर्जाला त्याचा उपयोग नाही. पण पुढे मुलगा घराण्याविषयी काही लिहायला बसला तर त्याच्यापुढे दोन्ही असतील, आणि कुठलं कुठून आलं ते कळेल.

आता या स्मरणिकेविषयी. संपादक मंडळाने मला आलेले लेख चाळायला दिले. सांगू का? तीन वेगवेगळ्या शिक्षकांवरच्या तीन लेखांत ‘वरून कठोर पण आतून फणसासारखे गोड’ हे वाक्य आहे. सर, बाई, तुम्ही हसताय, पण यातले फणस नक्की कोण ते लेखकांनाही सांगता येणार नाही. माझी त्या तिघांवर तक्रार नाही. त्यांच्या मनात खरंच माया आहे, फक्त ती मजकुरात उतरलेली नाही, कारण यंत्राला त्यांनी नाव आणि विषय यापलीकडे काहीच दिलं नव्हतं.

त्याच गठ्ठ्यात चौथा लेख आहे, विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या दिवंगत सरांवरचा. तोही एआयच्या मदतीनेच लिहिलाय. पण लिहिणाऱ्याने आधी सरांच्या घरी जाऊन त्यांच्या टाचणवह्या मागून आणल्या. सरांच्या मुलाने त्या जपून ठेवल्यात. सरांना समासात पेन्सिलने नोंदी करायची सवय होती. एका पानावर आहे, ‘पॅसेंजर लेट. पारेवाडी-वाशिंब्याची मुले दुसऱ्या तासाला. प्रयोग पुन्हा दाखवला.’ अशा नोंदी पावसाळ्यात किती तरी. आम्ही गाववाले तेव्हा कुरकुरायचो, की सर तेच तेच परत का शिकवतात. रेल्वेने येणाऱ्या मुलांसाठी ते तास दोनदा घेत होते, हे मला हा लेख वाचून आता कळलं. वाशिंब्याची दोघं जण इथे बसलीत. त्यांना तेव्हाच माहीत असणार. जगातल्या कुठल्याही एआयला ही ओळ सुचली नसती. ती त्या वहीतच होती.

एक सूचना मात्र जरा कडकपणे करते. काही जणांनी सुचवलंय, की शाळेचं जनरल रजिस्टर स्कॅन करून एआयला द्यावं, म्हणजे सगळ्या बॅचची यादी आपोआप होईल. कृपा करून हे करू नका. त्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाची जन्मतारीख आहे, जात आहे, आईवडिलांची नावं आहेत. ते कागद आपले नाहीत, त्या सगळ्या मुलांचे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण विचारलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. आपल्यातल्या काहींनी त्या एका रकान्यामुळे काय सोसलंय, हे या गावात सांगायची गरज नाही. हवं ते नाव रजिस्टरमधून हाताने उतरवून घ्या, बाकीचं पान बंद ठेवा. स्वतःचे कागद देतानाही आधार आणि बँक खात्याचा नंबर झाकून फोटो काढा. फुकटच्या साधनांत तुमचा मजकूर पुढच्या प्रशिक्षणाला वापरायची मुभा कधी कधी आधीपासूनच चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद आहे का, ते एकदा बघा.

दुपारच्या जेवणानंतर संगणक कक्षात मी आणि आणखी दोघी लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. सरांनी कक्षाची किल्ली दिली आहे, साडेपाचपर्यंतच. उजनीचे जुने कागद, कुणाची पत्रं, गॅदरिंगच्या पत्रिका, जे आणलं असेल ते घेऊन या. आपण फोटो काढू, क्रमांक टाकू, आणि एकेकाचा मजकूर तुमच्यासमोर करून पाहू. मूळ कागद माझ्याकडे ठेवून जाऊ नका, लगेच परत पिशवीत. आणि येताना वाचायचा चष्मा आणा. आकडे आपल्यालाच तपासायचे आहेत.